ओर्फाताईचा उजवा हात

आमच्या तिर्झा गावात कुणालाही विचारा की ओर्फाताईचा उजवा खांदा कशाने गेला, प्रत्येक जण वेगळं सांगेल. कुणी म्हणेल पीठ मळून मळून, कुणी म्हणेल शेळीने ढकललं. बिशपची बायको तर सांगते की देवाने शिक्षा केली. तिचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. खरं मी सांगते, कारण तो हात वर होता तेव्हा मी तिच्याच बाकावर बसले होते.

मी रोवेना, तिची सवत. हा शब्द आमच्या गावात काढला तर म्हाताऱ्या बायका तोंड साबणाने धुतील; आम्ही एकमेकींना बहिणीच म्हणायचं. पण सवत ती सवत, उगाच साखरेत घोळून काय होणार? हीबरची पहिली ओर्फाताई, दुसरी डेलोरा आणि तिसरी मी. बाहेरच्या बायका नवऱ्याला 'आमचे हे' म्हणतात म्हणे. तसं म्हणायचा खरा हक्क आमचाच.

मी या घरात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि पहिल्या दिवशी जेवायच्या टेबलावर रडत बसले होते. पोरंच पोरं, कुणाचं कोण कळेना. डेलोरा माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी तिची बरणी फोडलीय. ओर्फाताईने काही समजावलं नाही की डोक्यावरून हात फिरवला नाही. तिने कणकेचा अर्धा गोळा तोडून माझ्यापुढे आपटला आणि म्हणाली, "रडत रडत मळ. पाव फुगतो चांगला." मी मळला. पाव खरंच फुगला. त्या दिवसापासून मी तिला ताई म्हणायला लागले.

पोरं तिला मावशी म्हणत. आपल्या आईखेरीज घरातली प्रत्येक आई मावशीच. पण नुसतं 'मावशी' अशी हाक आली की तिघींमधून ओर्फाताईच वळायची. भट्टीपाशी उभी, बाह्या दुमडलेल्या, केसांचा अंबाडा पाव ठेवावा एवढा. आमच्या बायका केस कधीच कापत नाहीत. तिचे मात्र लहानपणी एकदा कापले होते, आणि ते कुणी कापले हे कळल्याशिवाय तिची गोष्ट कळायची नाही.

ती नऊ वर्षांची असताना गावावर सरकारची धाड पडली. आमच्या पंथात एकाला अनेक बायका, आणि बाहेरच्या कायद्यात तो गुन्हा. पहाटे धारा काढायच्या वेळेला लाल कड्याखालच्या रस्त्याने गाड्या आल्या. पुरुषांना एकीकडे नेलं, आयांना दुसरीकडे, आणि पोरांना बसमध्ये घातलं. तुमच्या भल्यासाठी नेतोय, असं सांगितलं. ओर्फाताईच्या हाताला तिचा पाच वर्षांचा भाऊ होता, आल्वा. शहरातल्या एका मोठ्या सभागृहात एकेका पोराला एकेका घरी वाटून दिलं. आल्वाला कुणीतरी कडेवर घेऊन ओढून नेलं तेव्हा त्याचा एक बूट ताईच्या हातात राहिला.

ताईला ज्या घरी ठेवलं ती माणसं वाईट नव्हती. हे ती प्रत्येक वेळी आवर्जून सांगायची. त्या बाईने तिला लोणी लावून पाव दिला, गादीवर निजवलं, उवा झाल्या म्हणून मायेनेच तिचे केस कापले. "मायेनेच कापले गं," ताई म्हणायची, "पण मला विचारलं नाही."

दोन वर्षांनी कोर्टाने सगळ्यांना परत पाठवलं. ताई बूट घेऊन गावाच्या पाणचक्कीपाशी भावाची वाट बघत उभी. आल्वा गाडीतून उतरला, तिच्याकडे बघितलं आणि बरोबरच्या माणसाला विचारलं, "ही मुलगी कोण?"

बूट त्याला होईना. ही गोष्ट ताईने मला सांगितली तेव्हा आम्ही जर्दाळू निवडत होतो. ती रडली नाही, मीच रडले. "तुझं आपलं पाणी नेहमी काठावरच," ती म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, अशी बाई बाहेरच्यांना पाण्यात बघत असेल. बघायचीच. पण तिच्या आयुष्यात दुसरीही एक गोष्ट होती, आणि ती गोष्ट ताई सांगत नसे. पंधराव्या वर्षी तेव्हाच्या बिशपने तिचं नाव हीबरशी लावलं. तेव्हा हीबर तिशीचा. सासरी येताना तिने पिशवीतून चिंध्यांची बाहुली आणली होती आणि ती पिठाच्या डब्यामागे लपवली होती. मला सापडली तेव्हा बाहुलीला तोंड उरलं नव्हतं. मी दाखवली, तर ताईने माझ्या हातून ओढून घेतली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

माझी लूएला पंधरा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यातलं हे सगळं.

लूएला माझी थोरली. हसली की कोंबड्या उडायच्या. शेळ्या विणार असल्या की गोठ्यातून हलायची नाही, आणि शेळीचं पिल्लू अडलं तर मोठे बाप्ये तिला बोलवायचे. एका संध्याकाळी हीबर घरी आला तो टोपी न काढताच खुर्चीत बसला. आमचा नवरा मुळात अबोल. पंप दुरुस्त करतो, आणि पंपाशी जेवढं बोलतो तेवढंही आमच्याशी बोलत नाही. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "बिशपला प्रार्थनेत नाव मिळालं. लूएलाचं. एल्डर ऑर्सन टीगसाठी."

ऑर्सन टीग मंडळीतला मानकरी म्हणून एल्डर, साठीला टेकलेला. माणूस वाईट म्हणवत नाही. त्याची लाकडाची वखार, आणि गावात कुणीही मेलं तर शवपेटीच्या फळ्या त्याच्याकडून फुकट. घरात चार बायका. त्याची धाकटी पोर लूएलाबरोबर सागरगोटे खेळायची.

मी काय केलं? काही नाही. मी मान डोलावली. कुणी हसू नका. आमच्याकडे बिशपच्या तोंडून आलेलं नाव म्हणजे वरून आलेलं नाव, आणि मी ते मानत होते. आजही पुष्कळसं मानते. माझंही नाव असंच आलं होतं आणि माझं काही वाकडं झालं नव्हतं. पण गोठ्यातून लूएलाचं हसणं ऐकू येत होतं.

ताई कणीक मळत होती. तिचे हात थांबले. तिने एवढंच विचारलं, "पोरीला सांगितलंय?"

"रविवारी सभेत कळेलच की," हीबर म्हणाला.

"ती काय शेळी आहे, सभेत कळायला?" ताई म्हणाली, आणि गोळा असा आपटला की टेबलावरची बशी उडाली. हीबर उठून पंपाकडे गेला.

त्याच आठवड्यात कौंटीची, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारची, बाई आली. मुलांच्या संरक्षणाच्या खात्यातली, मिस ब्रॅकेट नावाची, उन्हाने नाकाची सालपटं निघालेली तरुण पोरगी. तिला कुणी फोन केला ते आजपर्यंत ठरलेलं नाही. माझा संशय डेलोरावर आहे, पण ती कबूल व्हायची नाही. गावात गाडीची धूळ दिसली तशी बायकांनी आपापली पोरं मक्याच्या शेतात पिटाळली. धाडीपासूनची सवय, आमची पोरं चालायच्या आधी लपायला शिकतात.

ताईने मात्र दार उघडलं, तिला बसवलं आणि जर्दाळूचा रस दिला.

"मला कुणालाही त्रास द्यायचा नाहीये, बाई," मिस ब्रॅकेट म्हणाली. "तुमचा धर्म तुमच्यापाशी. कोणी किती लग्नं केली हे मोजायला मी आलेले नाही. पण एका अल्पवयीन मुलीचं लग्न ठरलंय असं ऐकलं. मला एक नाव सांगा. फक्त तेवढी मुलगी सुरक्षित ठेवू, बाकी कुणाला हात लावणार नाही."

"आम्हाला नेलं तेव्हाही असंच म्हणाले होते, पोरी."

"तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता."

"हो ना. म्हणून तर तुला सोपं वाटतंय." ताई तिच्या समोर बसली. "आणि मी नाव नाही सांगितलं तर?"

मिस ब्रॅकेटने खाली बघितलं. आवाज उतरला तिचा. "लग्न झालं तर न्यायाधीश कोणतं घर ते विचारणार नाहीत. सगळ्या गावातली पोरं न्यायचा हुकूम निघेल. मला ते नकोय. खरंच नकोय."

मी दाराआड उभी होते. इकडे आड तिकडे विहीर! नाव सांगावं तर बाहेरच्यांच्या हाती पोर जाणार, न सांगावं तर ऑर्सनच्या. आणि मग घरोघरची तान्ही पोरंसुद्धा बसमध्ये. ताईने त्या पोरीचा पेला पुन्हा भरला.

"सोमवारी ये," ती म्हणाली. "रविवार आमचा आहे. रविवारी गाडी आणलीस तर तुझं माझं नातं संपलं."

"सोमवारी सकाळी मी या दारात असेन," मिस ब्रॅकेट म्हणाली. "रिकाम्या हाताने परत जायला मला परवानगी नाही."

ती गेल्यावर ताई एप्रन न सोडताच निघाली. मी मागोमाग. कुठे म्हणून विचारायची गरज नव्हती. आमचा बिशप म्हणजे तिचा भाऊ आल्वाच. ज्याचा बूट तिने दोन वर्षं उशाशी ठेवला होता तो आता साऱ्या गावाचा धनी होता, आणि गावातली निम्मी पोरं त्याला मामा म्हणत होती.

आल्वा अंगणात घोड्याचा खूर तासत होता. त्याने मान वर केली नाही. "कौंटीवालीला रस पाजलास म्हणे."

"तहानली होती. आल्वा, लूएला पंधराची आहे."

"तूही पंधराचीच होतीस. काय वाईट झालं? हीबरसारखा सोन्याचा माणूस मिळाला."

"सोन्याचाच आहे. ते माझं नशीब. तुझी अक्कल नव्हे, आणि तेव्हाच्या बिशपचीही नव्हे."

तेव्हा त्याने तासणी खाली टाकली. "ताई, आज त्यांच्या धाकाने ही एक गोष्ट सोडली, तर उद्या दुसरी मागतील. परवा म्हणतील प्रार्थना आमच्या वेळेला करा. मी झुकायचा नाही. रविवारी हात वर झाले की सोमवारी उजाडायच्या आत ऑर्सन तिला घेऊन सरहद्दीपलीकडच्या वस्तीवर जाईल. शोधत बसू दे मग." त्याचा आवाज चिरकला. "मला नेलं होतं त्यांनी. तुला नाही आठवत?"

"मला आठवतं," ताई म्हणाली. "तुलाच नाही आठवत. तू मला ओळखलं नव्हतंस."

 आल्वाने घोड्याचा दुसरा पाय उचलला आणि आमच्याकडे पाठ केली.

परत येताना ताई वाटेत एकच वाक्य बोलली. "तिला ते तसं नेणार आणि हे असं." मी विचारलं, मग करायचं काय? तर म्हणाली, "आधी पाव भाजायचे."

आता आमची सभा कशी चालते ते सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळं गाव उपाशी पोटी प्रार्थनाघरात येतं. बिशप उभा राहून नेमणुका आणि लग्नं जाहीर करतो आणि म्हणतो, "संमत असतील त्यांनी हात वर करा." सगळे उजवा हात वर करतात. उजवाच, तोच शपथेचा. एखाद्या पोराने डावा केला तर आई खाली ओढते. मग बिशप म्हणतो, "विरुद्ध कुणी असेल तर तसाच हात वर करा." त्यावर माझ्या आयुष्यात कधी कुणी हात वर केलेला नव्हता. माझ्या आईच्याही आयुष्यात नाही. ते विचारायचं म्हणून विचारायचं, जसं पाहुण्याला उठताना 'बसा की' म्हणतात. आणि शेवटची प्रार्थना होते ती सगळ्यांनी हातांची घडी घातल्यावरच. एका तान्ह्याची मूठ मोकळी असली तरी बिशप थांबतो, आई ती मूठ आपल्या हातात धरते, मगच 'आमेन'.

त्या रविवारी लूएला माझ्या आणि ताईच्या मध्ये बसली होती. ताईनेच तिला आदल्या दिवशी गोठ्यात सगळं सांगितलं होतं. त्यानंतर पोर हसलीच नव्हती. दोन वेण्या मांडीवर घेऊन ती त्यांची टोकं पिळत होती.

आल्वाने नाव घेतलं. लूएला आणि एल्डर ऑर्सन टीग. संमत असतील त्यांनी. हात वर गेले, शेतातली कणसं वाऱ्याने उठावीत तसे. माझा हात मांडीवरून हलला नाही, एवढंच मला जमलं.

"विरुद्ध कुणी असेल तर," असं म्हणत आल्वाने सवयीने भजनाचं पुस्तक उघडलं आणि पान शोधायला मान खाली घातली.

ताईचा उजवा हात वर गेला.

आल्वाने बघितलंच नाही! बघेल कशाला? इतक्या वर्षांत कुणी होतं का तिथे बघायला? "सर्वसंमत," तो म्हणाला आणि भजन सुरू झालं. पण ताईने हात खाली घेतला नाही. भजन चाललं होतं आणि आमच्या बाकावरून बोटं ताठ केलेला एक हात सरळ छताकडे उभा होता. मागच्या बाकांवरचं गाणं गळपटत गेलं. पुढच्या बाया वळून वळून बघायला लागल्या. भजन संपेपर्यंत आल्वालाही कळलं होतं, मी त्याच्या मानेवरून सांगते. पण त्याने नजर मागच्या भिंतीवरच्या घड्याळावर खिळवली आणि प्रवचन सुरू केलं. छळ, धाड, विश्वास. बाहेरचे येतील, आपण ढळायचं नाही. लांबच लांब प्रवचन. त्याला वाटलं असेल, म्हातारीचा खांदा तो किती टिकणार?

त्याला ठाऊक होतं त्या खांद्याचं. साऱ्या गावाला ठाऊक होतं. दोन हिवाळे ताईला धुणं वाळत घालता येत नव्हतं. दोरीपर्यंत हात जायचा नाही. आणि आता तोच हात उपाशी पोटी वर धरून ती बसली होती. ओठ पांढरे पडलेले, कपाळावरून घाम भुवईत उतरत होता, पण डोळे भावावर. देवा रे! मी आयुष्यात देवळं बघितली नाहीत, डोंगर बघितलेत, आणि त्या दिवशी तिच्याकडे बघताना मला कड्याच्या पायथ्याशी उभं राहिल्यासारखं झालं. भीती वाटत होती आणि नजर निघत नव्हती.

मग हात थरथरायला लागला. आधी बोटं, मग मनगट. कोपर वाकलं. लूएलाने ते बघितलं आणि तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला, पिल्लू अडल्यावर शेळी काढते तसा.

मी उठले. पाय माझे नव्हतेच, कुणाचे होते देव जाणे. मी लूएलाला ओलांडून ताईच्या उजव्या बाजूला गेले, गुडघ्यावर बसले आणि तिच्या कोपराखाली माझे दोन्ही तळहात लावले.  आमच्यातल्या लहान पोरालाही मोशेची गोष्ट पाठ आहे. लढाई चालू असेपर्यंत त्याला हात वर धरायचे होते, ते थकले तेव्हा अहरोन आणि हूर या दोघांनी दोन बाजूंनी तोलून धरले. मी ते मनात आणून उठले नव्हते. पण मागून कुणीतरी म्हातारं पुटपुटलं, "अहरोन आणि हूर." 

मी अहरोन झाले खरी, पण हूर कोण? डेलोरा! जी ताईशी भट्टीच्या पाळीवरून वर्षानुवर्षं धड बोलत नव्हती ती डेलोरा मागच्या बाकावरून उठली, ताईच्या पाठीशी आली, दुखरा खांदा दोन्ही हातांनी धरला आणि माझ्याकडे बघून दात-ओठ खात म्हणाली, "नीट धर की गं, बावळट." मी नीट धरला.

आल्वाचं प्रवचन संपलं. संपवावंच लागलं, पोरं भुकेने रडत होती. "प्रार्थना करू या," तो म्हणाला. सगळ्यांनी हातांची घडी घातली. ऑर्सन टीगनेसुद्धा घातली. आमचे तिघींचे हात वरच. आल्वाने डोळे मिटले, तोंड उघडलं आणि थांबला. एक हात मोकळा असताना प्रार्थना कशी म्हणणार? त्यानेच सगळ्या गावाला शिकवलेलं.

त्याने डोळे उघडले आणि पहिल्यांदा बहिणीकडे बघितलं.

"सिस्टर ओर्फा," तो म्हणाला, "कारण सांगा."

"मी हीबरला नावं ठेवत नाही," ताई म्हणाली. आवाज घोगरा, पण शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "ऑर्सनलाही नाही. त्याच्या फळ्यांत माझी दोन पोरं निजलीत. माझा धर्म मी सोडत नाही, मला इथेच मरायचंय. पण आल्वा, आपल्याला बसमध्ये घातलं तेव्हा आपल्याला कुणी विचारलं होतं का? माझे केस कापताना? मला हीबरच्या घरी धाडताना? ते बाहेरचे होते, हे आपले होते. विचारलं कुणीच नाही." तिने श्वास घेतला. "देवाने येशूच्या आईला, मरियमेला विचारलं. दूत पाठवला, तिच्या 'हो'साठी थांबला. देव थांबला, आल्वा. तू का थांबत नाहीस?"

 ऑर्सन टीग टोपी फिरवत होता. आल्वा पायरी उतरला. बिशप सभेत कधी पायरी उतरत नाही. तो बाकांमधून चालत आमच्यापर्यंत आला आणि लूएलासमोर उभा राहिला. त्याचा चेहरा बिशपचा नव्हता, पाणचक्कीपाशी गाडीतून उतरलेल्या पोराचा असावा तसा झाला होता.

"पोरी," तो म्हणाला, "तुझं काय म्हणणं आहे?"

लूएलाने आधी माझ्याकडे बघितलं, मग मावशीच्या हाताकडे. "मामा," ती म्हणाली, "मी नाही म्हटलं तर चालेल?"

आल्वाने ताईच्या वर धरलेल्या हाताकडे बघितलं.

"चालेल," तो म्हणाला.

"मग नाही."

तेव्हा ताईने हात सोडला. तो आपोआप खाली आला नाही, मी आणि डेलोराने दोघींनी मिळून खाली आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला. मग डाव्या हाताने तिने त्याची घडी घातली. आल्वाने प्रार्थना म्हटली. काय म्हटली मला आठवत नाही, मी हुंदके देत होते.

सोमवारी मिस ब्रॅकेट दारात आली. पाणचक्कीपाशी आणखी दोन गाड्या उभ्या होत्या, हे आम्ही बघितलं होतं. ताईने लूएलाला पुढे केलं. "नाव हिचं. बोल हिच्याशी. आम्ही कुणी ऐकणार नाही." दोघी जर्दाळूच्या झाडांत जाऊन बसल्या. ताई कुंपणापाशी उभी राहिली, दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर, दुखरा हात फडक्याने गळ्यात बांधून. बऱ्याच वेळाने लूएलाचं हसणं ऐकू आलं आणि कोंबड्या उडाल्या. त्या गाड्या आल्या तशा वळल्या. मिस ब्रॅकेट पुढेही दर महिन्याला येत राहिली आणि आमची पोरं हळूहळू मक्यात पळायची थांबली. बिशपने ठरवलं, अठराच्या आत कुणाचं नाव पुकारायचं नाही, आणि ज्याचं पुकारायचं त्याला आधी विचारायचं. त्यालाही हात वर झाले. सगळे नाही, पण झाले.

फुकट काही झालं नाही. कित्येक घरांनी ताईचा पाव घेणं बंद केलं. बिशपची बायको अजून रस्ता बदलते. आणि खांदा गेला तो गेलाच. हात छातीच्या वर जाईना. एवढा मोठा अंबाडा, तिला स्वतःचे केस विंचरता येईनात. रोज सकाळी लूएला विंचरायची. "ओढू नकोस गं, शेळी नाहीये मी," ताई ओरडायची, आणि डोळे मिटून बसायची.

लूएला तेवीस वर्षांची झाली तेव्हा तिने स्वतः येऊन सांगितलं की तिला एल्डनशी लग्न करायचंय. एल्डनला एक बायको आधीच होती, लूएलाचीच मैत्रीण. मी कपाळाला हात लावला. मिस ब्रॅकेटचंही तोंड पडलं, पण मुलगी सज्ञान, ती तरी काय करणार! ताईने तर घर डोक्यावर घेतलं. "त्याचे कान बघितलेस का? पोरं वाऱ्याने उडून जातील! आणि सवत होऊन राहायचं म्हणजे काय असतं ते आम्हाला विचार!"

"विचारलं की," लूएला म्हणाली. "तुमच्या तिघींकडे बघूनच ठरवलंय."

ताईने डाव्या हाताने कणकेचा गोळा पुढे ओढला. डेलोराने भट्टीकडे तोंड फिरवलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आल्वाने लूएलाला उभं केलं. "पोरी, तुला हवंय?" "हो, मामा." संमत असतील त्यांनी, तो म्हणाला. हात वर गेले. ताई माझ्या शेजारी होती. तिचा उजवा हात छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला. ओठ आवळून तिने आणखी जोर केला, होईना. मग तिने डावा वर केला, सरळ, छताकडे. पुढच्या बाकावरच्या एका पोराने वळून बोट दाखवलं, "डावा!" आणि त्याच्या आईने त्याला खाली ओढलं.

आल्वा आता पुस्तकात बघत नाही. बाकामागून बाक, हातामागून हात बघत जातो. तो आमच्या बाकाशी आला, बहिणीच्या डाव्या हाताशी थांबला आणि त्याने मान डोलावून तो मोजला.